जंगलूच्या नावानं आलेला चाकू

मनिराम सायकल कुडाला टेकवून अंगणात आला, तेव्हा रुख्माबाई शिंगाडे उकडत बसली होती. चुलीवरच्या जर्मनच्या गंजातून वाफ निघत होती आणि तिच्या बोटांना सालींचा काळा डाग पडला होता. मनिरामला बघून तिनं फुंकणी खाली ठेवली.

मनिराम नवेगाव बांधच्या जंगलाच्या गेटवर पावत्या फाडायचा. रुख्माबाईचा नवरा जंगलू मडावी त्याच गेटवर गाईड होता. दोघांची रोजची ऊठबस. पण पोळा झाल्यावर थोड्याच दिवसांत जंगलूला ताप चढला, तो डोक्यात गेला आणि माणूस गेला. तेव्हापासून मनिरामची सायकल टोल्याकडे वळली नव्हती. मेलेल्या सोबत्याच्या घरी जाऊन काय बोलायचं, ते त्याला सुचलं नसावं. रुख्माबाईनंही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. टोला म्हणजे चौदा-पंधरा घरांची वस्ती, आणि सगळ्यांचं तसंच चाललं होतं. दिवसकार्य होईपर्यंत अंगण माणसांनी भरलेलं, नंतर कुत्रंही फिरकत नाही.

"वहिनी, पार्सल आलं आहे," मनिराम म्हणाला. काखेतला खोका त्यानं पुढं केला, पण तिच्या हातात दिला नाही.

"कोनाचं?"

"जंगलूच्या नावाचं."

रुख्माबाईनं खोक्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव लिहिलेलं कसं दिसतं, ते तिला ओळखता यायचं. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ते तिनं रोज पाहिलेलं होतं.

"ज्याच्या नावाचं आहे तो नाई. वापस करून टाक."

"कोनाले वापस करू? पाठवनारे नागपूरचे दाणी साहेब म्हनून आहेत, दातांचे डॉक्टर. दर हिवाळ्यात पक्षी पाहाले येत. मागच्या साली नाई आले. पत्ता अन् फोन नंबर पुसून गेला आहे. गेटवर ठेवलं होतं, पन टेबलावर त्याचं नाव पाहून पाहून मले कसंतरी होऊन राहिलं होतं, वहिनी."

हे ऐकून रुख्माबाई उठली, घरातून विळा आणला आणि खोक्याची चिकटपट्टी कापली. आत कागदाचा चुरा, त्यात एक काळी डबी, डबीत मऊ कापडाची थैली, आणि थैलीत चाकू.

मिटलेला होता. बोटभर लांब. रंग राखेसारखा, पण राखेहून जरा निळसर. मांगूर माशाची पाठ उन्हात दिसते तसा. कुठं लाकूड नाही, पितळ नाही, नक्षी नाही. मनिरामनं डबीवरची इंग्रजी अक्षरं बोटानं लावली.

"टाय-टॅ-नि-यम. मूठ त्याची आहे. हे विमानाले लावतात म्हने."

"मंग चाकूले कायले लावलं?"

मनिरामनं चाकू तिच्या हातावर ठेवला, आणि रुख्माबाईनं दचकून हात वर केला. लोखंडाचा भार पेलायच्या तयारीनं तिनं हात पुढं केला होता, आणि हातावर काही आलंच नाही. वाळल्या आंब्याच्या कोयीला जास्त वजन असतं. जत्रेतलं खेळणं असावं असं तिला वाटलं. प्रतापगडच्या जत्रेत असे चाकू मिळतात, पोरं त्यानं एकमेकांना भिववतात आणि संध्याकाळपर्यंत ते मोडतात.

मनिराम नखानं पातं उपसायला लागला. नख तुटलं, पातं हललं नाही. मग रुख्माबाईनं तो परत घेतला. पात्याच्या पाठीला ज्वारीच्या दाण्याएवढं एक बोंड होतं. त्यावर अंगठा ठेवून तिनं सहज पुढं लोटलं.

खट्.

कोंबड्या कुडापलीकडे पळाल्या. पातं बाहेर येऊन ताठ उभं राहिलं होतं. आवाज एवढा नीट, एवढा पुरा होता, की दोघंही थोडा वेळ तसेच बघत राहिले. रुख्माबाईनं पातं शिंगाड्यावर टेकवलं. दाबावं लागलंच नाही. साल उघडली, आतला गर उघडला आणि चाकू पार पाटीपर्यंत गेला.

"खेळना नाई हो हा," ती म्हणाली.

आता तो मिटेना. मनिरामनं दाबून पाहिलं, मांडीवर टेकवून पाहिलं. "थांब बापा, बोट जाईन," म्हणत तिनं तो काढून घेतला. मनिरामची ड्युटीची वेळ झाली होती. पातं उघडं ठेवूनच चाकू कोनाड्यात गेला, आणि मनिरामची सायकल बांधावरून गेटकडे.

दुपारी शिंगाड्याची पाटी भरून झाल्यावर तिनं तो पुन्हा काढला. दारात उजेडाला धरून पाहिला. मुठीच्या आतल्या बाजूची एक पट्टी सरकून पात्याच्या मागं जाऊन बसली होती. तीच त्याला मिटू देत नव्हती. अंगठ्यानं पट्टी बाजूला सारली आणि दुसऱ्या हातानं पातं दाबलं. चाकू मिटला. तिनं पुन्हा उघडला. खट्. पुन्हा मिटला. कितीतरी वेळ ती दारात बसून तेच करत होती. त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिच्या करण्याला कुणी उलट काही बोललं होतं.

मग तिच्या मनात आलं, की हा चाकू त्याला कशासाठी?

जंगलूनं उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. जेवताना मीठ कमी असलं तरी मागत नसे. रुख्माबाई लग्न होऊन टोल्यावर आली, तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "त्याच्याकून बोलन्याची आस नको ठेवू, बाई. लहानपनापासून तसाच आहे." तसाच निघाला. सकाळी "निघतो", रात्री "वाढ". मधल्या वेळात जंगल. लेकीच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हाही पाहुण्यांसमोर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला आणि रुख्माबाईच सगळं बोलली. पुढं पुढं तीही कमी बोलायला लागली. एकटीनं किती बोलणार?

त्या अबोल्याची तिला सवय होती. पण जिवंत माणूस गप्प बसला की त्याच्या खोकण्याचा, बिडी पेटवण्याचा, खाट करकरण्याचा आवाज तरी असतो. आता तेही नव्हतं.

चाकूची बातमी टोलाभर झाली. पहिली आली शेजारची शामकला.

"काऊन वो, विमानाचा चाकू आला म्हनते तुझ्याकडे?"

रुख्माबाईनं दाखवला. शामकलानं हातात घेतला, "अगो माय, पिसावानी आहे," म्हणाली, उघडायला शिकली आणि आपल्या सुनेला हाक मारून तिलाही शिकवलं. मग आणखी बायका आल्या, संध्याकाळी पुरुष आले. एकानं हाताच्या केसांवरून पातं फिरवून केस साफ निघतात ते दाखवलं. एकानं सांगितलं की हा गंजत नाही, दुसऱ्यानं सांगितलं की मूठच तेवढी गंजत नाही, पात्याला तेल लावावं लागेल. अंगण पुन्हा भरलं. रुख्माबाई चहा ठेवायला उठे, तोवर पाहणारे पाहून निघालेले असत. माणसं चाकू बघायला येत आणि चाकू बघून जात. सगळ्यांचा बघून झाला, तशी अंगणात पुन्हा तिची ती राहिली.

जावई आला. तिच्या लेकीचा, प्रियाचा नवरा खुशाल देवरीला टेम्पो चालवायचा. या बाजूला भाडं मिळालं म्हणून उभ्या उभ्या येऊन गेला. त्यानं चाकू दोन-तीनदा उघडला, मिटला आणि सरळ खिशाकडे नेला.

"मामी, तुमाले कायले लागते हा? मले गाडीत कामाचा आहे."

"ठेव तिथं."

"अवो, पन..."

"ठेव म्हनलं ना."

आपला आवाज एवढा चढेल हे तिलाही माहीत नव्हतं. खुशालनं चाकू ठेवला, पाणी पिऊन निघून गेला. त्या आठवड्यात प्रियाचा फोन आला नाही.

मग तिनं चाकू कामाला लावला. गेटसमोर सहलीच्या पोरांना ती उकडलेले शिंगाडे विकायची. आतापर्यंत विळ्यानं सोलायची, आता याच्यानं. पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेतला. विळ्याला जोर लावायची सवय झालेला हात, आणि याला जोर नकोच होता. रक्त थांबेना तेव्हा हळद दाबून ती बसून राहिली. पण आठ दिवसांत हाताला उमगलं. हा हाकलायचा नसतो, नुसता दाखवायचा असतो. मूठ कितीही वेळ धरली तरी दुखत नसे. थंडीच्या सकाळी विळ्याचं लोखंड हाताला चटका देई. याची मूठ क्षणभर गार लागे आणि लगेच हातासारखी होऊन जाई. शिंगाड्याच्या सालीनं तिची बोटं काळी पडत, मुठीला मात्र डाग धरत नसे. धुतली की जशीच्या तशी. हे मात्र तिला फारसं आवडलं नाही. वापरलेली वस्तू वापरल्यासारखी दिसावी, असं तिला वाटे.

संक्रांत सरल्यावर एका सकाळी मनिराम पुन्हा आला. मागं एक माणूस होता. साठीचा, अंगानं भरलेला, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. उजव्या पायानं लंगडत होता. अंगणाच्या तोंडाशीच तो थांबला आणि टोपी काढून हातात धरली.

"हे दाणी साहेब," मनिराम म्हणाला. "मी गेटवर सांगतलं त्याईले." एवढं बोलून तो निघून गेला.

रुख्माबाईनं खाट झटकून पुढं सरकवली. साहेब बसले.

"मला माहीत नव्हतं हो, ताई. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मागच्या वर्षी येता आलं नाही. म्हणून पार्सल पाठवलं. मला वाटत होतं, एव्हाना वापरत असतील."

"तुमाले कोन सांगन जी."

तिनं काळा चहा केला. कप त्यांच्या हातात दिला, आत गेली आणि चाकू धुऊन, पुसून, थैलीत घालून आणला.

"हा तुमचा. ज्याले देला तो नाई. घेऊन जा."

"नाही नाही. राहू द्या. मी परत कसा घेऊ?" साहेब चहाच्या कपात बघत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "इतका बोलका माणूस. मचाणावर आता कसं बसायचं?"

रुख्माबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कोन बोलका?"

"जंगलूभाऊ. सकाळी गेटातून आत शिरलो की जे सुरू व्हायचे ते संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत. मीच कधी कधी म्हणायचो, अहो जरा थांबा, पक्षी उडून जातील."

"तुमाले दुसरा कोनी गाईड भेटला असन."

दाणी साहेबांनी खिशातून मोबाईल काढला, बोटानं बरेच फोटो मागं सारले आणि तिच्यासमोर धरला. मचाणाची शिडी होती, तिच्या पायरीवर जंगलू बसला होता. तोच बिल्ला, तोच खाकी सदरा. एक हात हवेत उचललेला, भुवया वर चढलेल्या आणि तोंड उघडं. काहीतरी सांगत होता. सांगण्याच्या अगदी मधोमध होता. रुख्माबाई बघत राहिली. दात पुढं आलेले, समोरच्या दाताचा टवका उडालेला. माणूस तोच होता. पण असं तोंड तिनं त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"काय बोलत जाय?" तिनं विचारलं.

"काय नाही ते विचारा. अस्वल अंगावर आलं होतं ती गोष्ट. त्यांच्या बापानं खांद्यावर बसवून प्रतापगडला नेलं होतं ते. कोणत्या झाडावर कोणतं पाखरू का बसतं. तुमच्याबद्दलही सांगायचे."

"माझ्याबद्दल काय?"

साहेब जरा घुटमळले. "तुम्ही रागावलात की भांडी आपटता म्हणे. सकाळी तवा वाजला की म्हणायचे, साहेब, आज जरा उशिरापर्यंत थांबू."

रुख्माबाईला हसू आलं. पदर तोंडाशी नेऊन ती हसली, आणि हसता हसता थांबली. तवा ऐकत होता तर. ती एवढा आपटायची आणि तो मान खाली घालून जेवायचा, तिला वाटायचं याच्या कानापर्यंत काही पोचतच नाही.

"अन् हा चाकू? हा त्यानं मागतला होता का तुमाले?"

"नाही. मागितला नाही कधी." साहेबांनी कप खाली ठेवला. "माझ्याकडे असाच एक आहे. मचाणावर बसून मी पेरू कापत होतो. त्यांनी हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बराच वेळ. मग म्हणाले, साहेब, असा चाकू तेव्हा असता तर माझ्या पोराच्या बैलाले कान आले असते."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. रुख्माबाई तिच्याकडे बघत म्हणाली, "कोनत्या पोराच्या?"

तिला माहीत होतं.

"तुमच्या पहिल्या मुलाच्या. बिसरामच्या."

त्या घरात ते नाव किती वर्षांनी कुणाच्या तोंडून आलं होतं! प्रिया व्हायच्या आधी त्यांना मुलगा झाला होता. बसायला लागला होता, रांगायच्या बेतात होता. श्रावणात त्याला हगवण लागली. बैलगाडीनं मोरगावच्या दवाखान्यात न्यायला निघाले आणि गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरवावी लागली. त्याला माती दिली, आणि चार-सहा दिवसांत जंगलू कुऱ्हाड घेऊन बांबूतोडीच्या कामावर निघून गेला. रुख्माबाई भरल्या छातीनं घरात पडून होती. त्या सकाळी तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि मनात ठरवून टाकलं, की हा विसरला. त्यानंतर तिनं ते नाव घेतलं नाही. त्यानंही घेतलं नाही. लेकीला एवढंच माहीत होतं, की आपल्या आधी एक होतं, ते राहिलं नाही.

"काय सांगतलं त्यानं? सारं सांगा जी. काही ठेवू नका."

दाणी साहेबांनी सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरं लाकडाचे बैल ओढत गावातून फिरतात. बिसरामचा पहिलाच तान्हा पोळा येणार होता. जंगलू कुणाला न सांगता जंगलात एका सागाच्या तुकड्यातून बैल कोरत होता. हाताशी फक्त कुऱ्हाड आणि विळा. पाय निघाले, वशिंड निघालं, शिंगंही कशीबशी निघाली, पण कान काही निघेनात. कोरायला जावं तर तुटायचे. दोनदा नवा तुकडा घेतला. तेवढ्यात पोरगा गेला. मग तो बिनकानाचा बैल त्यानं तलावात सोडला. सागाचं लाकूड, बुडेना. लाटेनं पुन्हा पुन्हा काठाला येऊन त्याच्या पायाला लागे. शेवटी वेलीनं दगड बांधला, तेव्हा गेला खाली.

"बांबूतोडीले गेला होता तो तेव्हा," रुख्माबाई म्हणाली.

"हो. म्हणाले, घरी बसवत नव्हतं. तिचं तोंड पाहवत नव्हतं."

एकदम तिचा आवाज फाटला.

"अन् हे तुमाले सांगतलं! नागपूरच्या मानसाले. दातांच्या डॉक्टरले. मी काय मेली होती का? चुलीजवळ बसली होती ना मी, रोज. त्याले वाढत होती."

दाणी साहेब खाली मान घालून बसले. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. एका घरातली माणसं."

"एका घरात राहून काय माहीत राहते जी?"

त्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, हे तिला बरं वाटलं. ते विश्रामगृहाकडे निघाले, तेव्हा तिनं कुडापाशी जाऊन विचारलं, "तुमी उद्या त्या मचानावर जाता का?"

"बघतो. पाय साथ देईल तितकं."

"मी येतो," ती म्हणाली.

टोल्यावरच्या बायका सरपणाला, मोहाला, तेंदूच्या पानाला जंगलात रोज जायच्या, पण गेटातून कुणी जात नसे. जंगलू जिथं इतकी वर्षं कामाला जायचा, ते मचाण रुख्माबाईनं लांबूनही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मनिरामनं तिच्याकडे पाहिलं आणि पावती न फाडता फाटक उघडलं.

वाट पानगळीनं भरली होती. साहेबांचा पाय ओढत होता. थोडं चालल्यावर ती थांबली, ओच्यातून चाकू काढला आणि धावड्याची एक सरळ फांदी धरली. पातं एका बाजूनं फिरवलं, मग दुसऱ्या बाजूनं, आणि वाकवून मोडली. गाठी तासून काठी गुळगुळीत केली आणि त्यांच्या हातात दिली.

"कसा वाटला?" साहेबांनी विचारलं. "चाकू."

"धार चांगली आहे. पन मूठ लहान आहे, बायाच्या हाताची. त्याच्या पंजात हा हरवला असता."

मचाणाच्या शिडीशी आल्यावर साहेबांनी पायरीकडे बोट दाखवलं. "ते इथं बसायचे." ती तिथं बसली नाही. तिला तलाव बघायचा होता. साहेब तिला काठाशी घेऊन गेले. "इथंच कुठंतरी म्हणाले होते. नेमकं मला माहीत नाही." पाण्यावर शिंगाड्याच्या वेलींचे पट्टे पसरले होते, त्यापलीकडे बदकं. छोट्या होड्यांमध्ये, डोंग्यांमध्ये उभे राहून ढिवर कोळी वेली उचलत होते. हेच शिंगाडे ती विकत घेई, उकडत असे आणि विकत असे.

ती काठावर उकिडवी बसली. साहेब जरा अंतरावर दगडावर टेकले. काही वेळानं रुख्माबाई बोलायला लागली. कुणी काही विचारलं नव्हतं. बिसरामच्या डाव्या कानामागं तीळ होता, इथून सुरुवात झाली. मग त्याला घाम यायचा त्याचा वास. गाडी परत फिरवली तेव्हा गाडीवान कोणतं गाणं गुणगुणत होता आणि तिनं त्याला गप्प बस म्हटलं ते. दूध सुकवायला सासूनं छातीला काय बांधलं होतं ते. ती पाण्याकडे बघत बोलत होती, साहेबांकडे एकदाही बघत नव्हती. बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, की तोही असाच, समोर बघून बोलत असणार. याच माणसाजवळ. दोघंही याच एका परक्या माणसाजवळ येऊन बोलले होते, आणि आता एकमेकांना सांगायची वेळ राहिली नव्हती. ते ध्यानात आलं तरी ती थांबली नाही.

ऊन चढलं तसे दोघं परत फिरले. दुपारच्या गाडीनं साहेब नागपूरला गेले. पुढच्या हिवाळ्यात येईन म्हणाले. तिनं मान हलवली.

घरी आल्यावर चूल पेटवायची होती, शिंगाडे तसेच पडले होते. तिनं ते तसेच राहू दिले. मोबाईल घेतला आणि टोल्यामागच्या टेकाडावर गेली; फोन तिथंच नीट लागायचा. वर गवतात बसून तिनं प्रियाला फोन लावला.

"हां माय. काय झालं? तब्येत बरी आहे ना?" प्रियाच्या मागं कुकरची शिट्टी वाजत होती, कुणीतरी टीव्ही मोठ्यानं लावला होता.

"बरी आहो. तू कामात आहेस का?"

"सैपाक करून राहिली. चाकूचं म्हनशील तर त्याईले राग नाई आला, माय. मीच फोन नाई केला, उगा."

"चाकूचं नाई. तुले एक सांगाचं होतं. तुझ्या भावाचं."

"कोनता भाऊ?"

"तुझ्या आंधी झाला होता तो. बिसराम नाव होतं त्याचं. तुझ्या बापानं त्याच्यासाठी बैल कोरला होता."

पलीकडचा आवाज बंद झाला. कुकर नाही, टीव्ही नाही, काहीच नाही. रुख्माबाईनं मोबाईल कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला.

"हॅलो? प्रिया? रेंज गेली वाटते. हॅलो?"

"आहो ना, माय," प्रिया म्हणाली. तिनं दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं होतं. "इथंच आहो. बोल."